आधी लंगडी, मग खो-खो

नमस्कार दादा,

मुरगळलेल्या घोट्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वाटलं की अर्धी तक्रार रास्तच आहे.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. मुलगी सतरा वर्षांची, खो-खो खेळते, वर्षभरात एकच घोटा तिसऱ्यांदा मुरगळला. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलंय आणि मी लिहिते, एका पायावर उभं राहा. "तुटलेलं लिगामेंट उभं राहून जुळतं का मॅडम? एक्स-रेचं नाव नाही, एमआरआयचं नाही. बर्फाचंही नाही. बसल्या जागी सल्ले द्यायला काय जातं?"

एक्स-रेची चूक माझी. ते सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये त्याचे साधे नियम मांडले. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं वर आलेली दिसतात, त्यांच्या टोकावर किंवा मागच्या कडेवर, टोकापासून वर सहा सेंटीमीटरपर्यंत, बोटानं दाबून बघायचं. पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या रेषेत मध्यावर हाताला लागणारं हाड आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाडही दाबायचं. यातलं काही दुखलं, किंवा मुरगळल्यावर लगेच आणि तपासतानाही चार पावलं टाकता आली नाहीत, तर आधी एक्स-रे, मग बाकीचं. एमआरआय मात्र पहिल्या आठवड्यात क्वचितच लागतो. सहा-आठ आठवड्यांनंतरही खोल आत दुखत असेल, सांधा अडकत असेल किंवा दुखणं घोट्याच्या वर, नडगीच्या दोन हाडांमध्ये असेल, तर काढा.

बर्फ दुखणं कमी करायला दहा-पंधरा मिनिटं लावा, त्यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा नको. १९७८ मध्ये विश्रांती-बर्फ-दाब-उंची ही उपचारांची चौकडी लिहिणाऱ्या अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनीच २०१४ मध्ये बर्फाबद्दलचं मत बदललं. आंबेहळदीचा लेपही लावा, फक्त लावताना चोळू नका.

आता लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडं जोडणारा बंध. पाऊल आत वळून मुरगळतं तेव्हा बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूचा पुढचा बंध जातो. तो गुडघ्यातल्या एसीएल नावाच्या बंधासारखा सांध्याच्या मधोमध नसतो, सांध्यावरच्या आवरणाचाच जाडसर पट्टा असतो. म्हणून सहसा टाक्यांशिवाय भरून येतो. काही आठवड्यांत नवे तंतू धरतात, पक्के व्हायला महिने जातात. तेव्हा उभं राहून लिगामेंट जुळत नाही, हे तुमचं बरोबर. ते आपलं आपण जुळतं. उभं राहायचं ते दुसऱ्याच कारणासाठी.

त्या बंधात, पाऊल कुठल्या कोनात आहे याची खबर मेंदूला देणारे मज्जातंतू असतात. बंध फाटला की ती खबरही बिघडते, असं फ्रीमन या ब्रिटिश सर्जननी १९६५ मध्येच मांडलं. सूज उतरते, दुखणं थांबतं, घरचे म्हणतात झाला बरा. पण खांबाला वळसा घालताना पाऊल कलंडायला लागलं, की पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू ते सावरायला उशीर करतात. पाऊस संपल्यावर आपल्या मैदानांवर चिखल वाळून जे खड्डे पडतात, तिथे तेवढा उशीर पुरतो. तुमच्या मुलीचं तिसऱ्यांदा असंच झालं असावं, हा माझा अंदाज.

मला हे पुस्तकातून कळलं नाही. कॉलेजात असताना पांडवलेणीच्या पायऱ्या उतरताना घोटा मुरगळला. एका दवाखान्यात सहा आठवडे प्लास्टर घातलं. कापलं तेव्हा पोटरी इतकी वाळली होती की मोजा घसरून बुटात जायचा. व्यायाम कुणी सांगितला नाही, मीही विचारलं नाही. पंधरा दिवसांत सपाट फरशीवर पुन्हा मुरगळला. पण तेवढ्यावरून प्लास्टरला सरसकट नावं ठेवत नाही हं. २००९ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत, पाय टेकवतच नव्हता अशा रुग्णांना दहा दिवसांचं प्लास्टर नुसत्या पट्टीपेक्षा बरं ठरलं. फरक तीन महिन्यांनी दिसला, नऊ महिन्यांनी राहिला नाही. पण ते दहा दिवस होते, माझ्यासारखे सहा आठवडे नव्हेत.

तर व्यायाम. सायकलच्या जुन्या ट्यूबचं एक टोक पलंगाच्या पायाला बांधा, दुसऱ्याचा फास पावलात. टाच जमिनीवर, गुडघा स्थिर, पाऊल बाहेर ढकलायचं आणि हळू परत आणायचं. परत येणं हळू हवं, तिथेच सगळे घाई करतात. मग एका पायावर चवडे उचलणं. मग दात घासताना एका पायावर उभं राहणं, जमलं की घडी घातलेल्या गोधडीवर, तेही जमलं की भिंतीजवळ डोळे मिटून. डोळे मिटले की पाऊल कसं कापायला लागतं ते बघा, आणि मग चांगल्या पायानं तेच करून बघा. तिथला फरक पाहिलात की मला वेगळं समजवावं लागणार नाही.

नेदरलँड्समध्ये ५२२ खेळाडूंवर हे तपासलंय, २००९ मध्येच. निम्म्यांनी घरच्या घरी आठ आठवडे तोल सावरण्याचे व्यायाम केले. वर्षभरात त्यांच्यातल्या २२ टक्क्यांचा घोटा पुन्हा मुरगळला, व्यायाम न करणाऱ्यांत ३३ टक्क्यांचा. म्हणजे ही जादू नाही. पाचातला एक तरीही मुरगळतोच.

ऑपरेशनला माझा विरोध नाही. तीन ते सहा महिने नेटानं व्यायाम करूनही घोटा दगा देत असेल आणि तपासताना सांधा खरोखर ढिला लागत असेल, तर जरूर करा. पण तुमच्या प्रतिक्रियेत तीन वेळा मुरगळल्याचं आहे, तिन्ही वेळा गरम पाण्याचा शेक आहे, व्यायाम एकदाही नाही. आणि ऑपरेशननंतरही हेच व्यायाम करावे लागतात, ते टळत नाहीत.

पुढच्या महिन्यातल्या तिच्या खो-खोच्या निवड चाचणीचं मी इथून हो-नाही सांगणार नाही. तिलाच लंगडी घालायला सांगा. आधी चांगल्या पायावर सलग तीन उड्या, अंतर टेपनं मोजा. मग दुखऱ्या पायावर. चांगल्या पायाच्या ९० टक्के अंतर आलं, आणि नागमोडी लंगडीतही पाय टाकताना ती बिचकली नाही, तर सरावाला जाऊ द्या, पहिले काही आठवडे घोट्याला पट्टा बांधून. ७० टक्क्यांवर अडकली तर चाचणी सोडा, कितीही रडली तरी.

दोन्ही आकडे इथेच कळवा. ट्यूब पंक्चरवाल्याकडून जुनीच मागा, फुकट देतो.