सेटवर रडता आणि ट्रॅकला टाळ्या देता?

"दोन खांब, एक कमान अन् मागं काळा पडदा! एवढ्यासाठी पाचशे रुपये घेतले बे?"

जुन्या संगीत नाटकाचा दौरा नागपुरात आला की मध्यांतरात वड्याच्या रांगेत हे ऐकू येणारच. पाठोपाठ दुसरा म्हणणार, "पूर्वी राजवाडा उभा राहायचा, राजवाडा!" पूर्वी म्हणजे कधी, हे विचारायची सोय नाही. विचारलंच तर कळतं की राजवाडा यानं पाहिलेलाच नाही. याच्या मामानं पाहिला होता, धनवटे रंग मंदिरात, तोही पासावर.

राजेहो, चिडा. पैसे मोजलेत, चिडायचा हक्क आहे. पण कशावर चिडायचं याला काही ताळतंत्र? जिथं कात्री विचार करून लावली आहे तिथं बोंब, आणि जिथं नाटकाचा गळाच आवळलाय तिथं टाळ्या. डोकं फिरतं हे पाहून.

सेटचं आधी आटपून घेऊ. मुंबई ते नागपूर आठशे किलोमीटरच्या घरात. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटर अख्खा खुला झाला म्हणून नाटकाच्या बसची डिकी मोठी झालेली नाही. नट, वादक, बॅकस्टेजची मुलं आणि सेट, सगळं एकाच बसमध्ये. माणसं आत, सेट डिकीत आणि टपावर. आज नागपूर, उद्या अमरावती, परवा अकोला, नाहीतर वर्धा-चंद्रपूर. प्रत्येक गावी सेट उतरवा, लावा, प्रयोग संपला की रात्री पाडा, पुन्हा चढवा. जुन्या कंपन्या एकेका गावात मुक्काम ठोकून नाटकामागून नाटक लावायच्या, त्यांना पडदे आणि सिंहासनं परवडायची. आता सभागृह सत्रावर मिळतं. आधीच्या सत्रात कुणाचा तरी सत्कार असतो, तो लांबतो, हारतुरे झाडून काढेपर्यंत पाच वाजतात आणि साडेसहाला तिसरी घंटा द्यायची असते. त्या दीड तासात सेट, प्रकाशयोजना आणि ध्वनी, तिन्ही लावायचं. उभा करा तुमचा राजवाडा.

फ्लॅट म्हणजे लाकडी चौकटीवर ताणून रंगवलेलं कापड. चार फूट रुंद आणि बारा फूट उंच असा अखंड फ्लॅट डिकीत जात नाही. म्हणून तो मधोमध कापून बिजागरीवर घडीचा करतात. मग घडीची रेघ चित्रातून आडवी जाते आणि मागं दिवा लागला की फटीतून उजेड झिरपतो. फटीमागं काळ्या कापडाची पट्टी मारली की उजेड थांबतो, रेघ राहतेच. मोठा रंगवलेला पडदा तर घडी घातला की रंगाला भेगा पडतात. तो बांबूवर गुंडाळूनच न्यावा लागतो आणि तीस फुटी बांबू कुठल्या टपावर चढवणार? तेव्हा दोन खांब आणि एक कमान हा निर्मात्याचा कंजूषपणा असेलही, पण तो योग्य कंजूषपणा आहे. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत नाटक उभं केलं तेव्हा मागं एक पडदा आणि पुढं सूत्रधार एवढाच पसारा होता. दुसऱ्या टोकाला बालगंधर्वांची नाटक कंपनी, गंधर्व मंडळी. भरजरी शालू, उंची अत्तर आणि डोक्यावर कर्ज. शालूचं कौतुक सगळे सांगतात, कर्जाचं कुणी नाव काढत नाही.

सेटवर बोलायचंच असेल तर मुद्द्याचं बोला ना. रंगवलेल्या कापडाऐवजी फ्लेक्स टांगला असेल तर बोला. फ्लेक्सवर दिवा पडला की तो चकाकतो, सुरकुत्या दिसतात आणि महालाची भिंत दुकानाच्या पाटीसारखी भासते. तेच चित्र साध्या सुती कापडावर छापलं तर चकाकत नाही, पण महाग पडतं. किंवा विंगांवर, म्हणजे मंचाच्या दोन्ही बाजूंच्या आडपडद्यांवर बोला. सायंटिफिक सभागृहात भरून दिसणारा सेट रेशीमबागेत सुरेश भट सभागृहात पोरका दिसतो, कारण तिथला मंच ऐसपैस आणि समोर सुमारे दोन हजार खुर्च्या. उपाय साधा आहे. दोन्हीकडच्या काळ्या विंगा आत घ्यायच्या, वरची झालर खाली सोडायची, रंगमंचाची चौकट आवळायची आणि बाजूचे दिवे त्याप्रमाणे सरकवायचे. अर्ध्या तासाचं काम. ते केलं नसेल तर घाला शिव्या. पण नाही, आपली तक्रार एकच, सिंहासन छोटं होतं.

तीच गत पदांची, म्हणजे नाटकातल्या गाण्यांची. "तीन पदं कापली हो!" किर्लोस्करांच्या 1880 च्या 'शाकुंतला'त पदं दोनशेच्या घरात होती. सगळी ऐकायची असतील तर रात्रभर बसा, आणि सकाळी ड्यूटीवर जा. कापाकापी तेव्हापासूनच चालू आहे. दोन अंकांत, पावणेतीन तासांत बारा-पंधरा पदं बसतात, त्यातही विनोदी उपकथानक जवळजवळ उडवावं लागतं. एकच नट दोन भूमिका करतो यावरही हसू येतं लोकांना. विंगेत दोन मिनिटांत शिवलेलं धोतर चढवून, वेलक्रोचा अंगरखा ओढून, मिशी चिकटवून परत येणं आणि आल्या आल्या सुरात पद उचलणं, जमतं का कुणाला बघा.

आता खरं दुखणं. साथ.

संगीत नाटकाला ऑर्गन आणि तबला ही दोन माणसं लागतात. वाद्यं नव्हे, माणसं म्हणतोय. व्हायोलिन किंवा सारंगी असली तर सोन्याहून पिवळं, नसली तरी चालतं. पण ही दोन हलवली की नाटक उरत नाही, गाण्यांच्या मध्ये संवाद उरतात. ऑर्गनवाला काय करतो? संवाद संपत आला की हळूच षड्ज, म्हणजे सा, सोडतो, प्रेक्षकाला कळतही नाही, नटाला सूर मिळतो. नटाला शब्दाचा विसर पडला तर तालाचं एक आवर्तन भरून काढतो. गळा बसलेला असेल तर काळी चारचं पद काळी तीनवर, म्हणजे खालच्या पट्टीत घेतो. गायक रंगला आणि तीच ओळ चौथ्यांदा घ्यावीशी वाटली तर तबलजी ठेका धरून थांबतो, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर भेटतो. "वन्समोअर" आला तर दोघं मान हलवतात आणि पुन्हा अंतऱ्यापासून सुरू.

ट्रॅक, म्हणजे आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवलेली साथ, यातलं एकही करत नाही. पट्टी ठरलेली, लय ठरलेली, पद किती मिनिटांचं तेही ठरलेलं. ताना मोजून मापून, रिकाम्या जागी बसवलेल्या. नटाचा संवाद दोन सेकंद लांबला तर पद त्याच्याशिवाय सुरू होतं. टाळी पडली तर ट्रॅक थांबत नाही, पुढची ओळ टाळीत बुडते. वन्समोअर द्यायचा तर ध्वनिवाल्यानं फाइल मागं न्यायची, म्हणून नट हात जोडतो आणि पुढं जातो. तुम्हाला वाटतं किती विनम्र! विनम्र कसला, अडकलाय बिचारा. त्याहून वाईट म्हणजे ट्रॅकमध्ये खालून त्याच गायकाचा आवाज भरून ठेवलेला असतो, म्हणजे वरच्या स्वराला गळा पोचला नाही तरी वेळ मारून नेता येते. आणि नेमक्या त्या स्टुडिओत भरलेल्या तिहाईवर, म्हणजे तीनदा घेऊन समेवर आणलेल्या तुकड्यावर, सुरेश भटच्या दोन हजार खुर्च्या कडाडून टाळ्या वाजवतात! कोणाला देता रे ही दाद? लॅपटॉपला?

वर समर्थन काय, तर "साउंड किती क्लीअर होता." असणारच. बंद खोलीत ध्वनिमुद्रित केलंय.

निर्माते असं का करतात तेही उघड आहे. पायपेटीचा ऑर्गन उचलायला चार माणसं लागतात, खड्ड्यांत आपटला की पट्ट्या अडकतात. विदर्भातल्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं, भात्याचं चामडं सुकतं, हवा गळते आणि सूर दबतो. तबल्याचं वेगळं रडगाणं. कोरड्या उन्हात पुडी, म्हणजे तबल्यावरचं चामडं, ताणून स्वर चढतो, आणि विंगेत कूलर लावला की ओलाव्यानं पुडी सैल होऊन स्वर उतरतो. म्हणून कूलरचा झोत तबल्यावर येऊ द्यायचा नाही आणि दोन-तीन तबले वेगवेगळ्या स्वरांत लावून तयार ठेवायचे. शिवाय दोन वादकांचं मानधन, राहणं, जेवण. हे सगळं एका पेनड्राइव्हमध्ये मिटतं. ऑर्गनऐवजी कीबोर्ड आणला तर माझी तक्रार नाही. कीबोर्डला ऑर्गनचा श्वास नसतो, पण बटण दाबून पट्टी बदलता येते आणि मुख्य म्हणजे मागं माणूस बसलेला असतो, जो नटाच्या तोंडाकडे बघतो. दोन खांब कमी करा, एक कमान कमी करा, चार सख्यांच्या दोन करा. तबलजी कमी करू नका. वाचवायला एवढ्या जागा असताना नेमकी हीच का सापडते? कारण निर्मात्याला तुम्ही पक्के ठाऊक आहात. खांब कमी केला की बोंबलता, माणूस कमी केला की कळतच नाही.

आणि हे कुठं घडतं तर ज्या शहरात सिव्हिल लाइन्सच्या सभागृहाला वसंतराव देशपांड्यांचं नाव आहे! ज्यांच्या गाण्यातली एक जागा दुसऱ्यांदा तशीच यायची नाही, त्यांच्या नावाखाली बसून आपण रोज तंतोतंत तीच तान वाजवणाऱ्या फाइलला दाद देतो. 1967 मध्ये रंगभूमीवर आलेलं 'कट्यार काळजात घुसली' आपल्या नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांनी लिहिलेलं, म्हणून छाती फुगवायला मात्र सगळ्यात पुढं. घराण्यांच्या गायकीवरचं नाटक ते! त्याच नाटकाचा 2015 चा सिनेमा पाहून आलेले तर भलतंच मागतात. सिनेमासाठी नव्यानं बांधलेलं गाणं नाटकात का नाही, म्हणून रुसतात. अरे, ते नाटकात कधी नव्हतंच.

"ओरिजिनलची सर नाही" हे दुसरं पालुपद. तुमचं ओरिजिनल म्हणजे कुठलं? 78 आरपीएमची तबकडी. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची, म्हणून पद दाबून, घाईत, दोन-चार तानांत उरकलेलं. मंचावर तेच पद गायक मन मानेल तितका वेळ फुलवायचा. म्हणजे जिवंत साथीवर कुणी थोडं फुलवून गायलं तर "मूळ चालीशी खेळला" आणि ट्रॅकवर तबकडीची नक्कल केली तर "हुबेहूब!" या हुबेहूबपायीच तर ट्रॅकवाल्यांचं फावतं.

माइकचं एक सांगायलाच हवं, कारण त्यात प्रेक्षकही गुन्हेगार आहे. कॉलरचा माइक घामानं भिजला की आवाज बुडतो, म्हणून तो केसांच्या रेषेत टोपाखाली चिकटवतात आणि मध्यांतरात बॅटऱ्या बदलतात. रिकाम्या सभागृहात ध्वनीची चाचणी करून आवाज बसवला, तरी माणसं भरली की अंगावरचे कपडे आवाज पितात, म्हणून पहिली दहा मिनिटं ध्वनिवाला कान लावून जुळवत असतो. नेमकी सुरुवातीची नांदी तेव्हाच चालू असते. आणि नेमके तेव्हाच साठ-सत्तर लोक मोबाइलचा टॉर्च पाडत "जी रांग कुठं बा?" करत घुसतात. साडेसहाचं नाटक म्हणजे पावणेसातला निघायचं, असा आपला नियम. मग नांदीत काही दम नव्हता म्हणे. तुम्ही ऐकली कधी? अर्धे तर शेवटच्या भरतवाक्याच्या आत पार्किंगकडे पळालेले असतात. उरलेल्यांनी मोबाइल उंच धरलेला, मागच्याला रंगमंचाऐवजी पडद्यातला पडदा दिसतो. आणि पुढच्या चार रांगा? पासवाल्यांच्या. नगरसेवक, त्यांचे मेहुणे, मेहुण्यांचे शेजारी. तिकीट मागच्यांनी काढायचं, सगळ्यात मोठ्यानं तक्रार यांनी करायची. तिकीटविक्रीचा प्लॅन उघडल्यावर पहिल्या दोन दिवसांत खिडकी थंड राहते, निर्माता घाबरतो आणि पहिला फोन वादकांना जातो की या दौऱ्याला येऊ नका. शेवटच्या दिवशी झुंबड उडते, पण तोवर ऑर्गन मुंबईतच राहिलेला असतो.

तेव्हा पुढचा दौरा आला की खिडकीवर आधी विचारा, "साथीला कोण?" जाहिरातीत नटांची नावं ठळक आणि वादकांची गायब असतील तर हमखास विचारा. ट्रॅक म्हणाला तर म्हणा, मग तिकीट अर्धं करा. तरीही आत गेलात तर ओळखायला सोपं आहे. टाळी पडल्यावर पुढची ओळ थांबते का बघा, संवाद संपायच्या आत मंद सूर येतो का ऐका, विंगेच्या कडेला तबलजीचा खांदा दिसतो का पाहा. खिडकीवरचा बहुधा तोंड वर करून विचारेल, "साथ म्हणजे?" चिडायचं ते तिथं चिडा, आणि मागच्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.