वर्गणी मागतेय, आणि हक्काने मागतेय

आज सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर मी एवढंच टाकलं की नेट वापरणाऱ्यांच्या हक्कांसाठी कोर्टात लढणाऱ्या इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनला दर महिन्याला जमेल तेवढे पैसे देत जा. लगेच मावसभावाचं उत्तर आलं, ‘ताई, आपण सरळमार्गी माणसं. आपल्याला काय लपवायचंय? वकिलांची घरं भरायला पैसे कशाला द्यायचे?’ त्याखाली अंगठ्यांची रांग. त्यात माझे सख्खे भाचेही. तेव्हापासून डोकं ठणकतंय, म्हणून इथे लिहिते.

आमच्या काकूला काय लपवायचं होतं? बडोद्यात दांडिया बाजारातल्या वाड्यात राहणारी बाई. काका गेल्यावर सणावाराचे पदार्थ करून विकायला लागली. 2015 साली नारळी पौर्णिमा 29 ऑगस्टला होती. मंगळवारी दुपारी तिने व्हॉट्सॲपवर यादी टाकली: नारळीभात, ओल्या नारळाच्या करंज्या, वड्या. त्याच दिवशी अहमदाबादला पाटीदारांची प्रचंड सभा झाली, रात्री जाळपोळ सुरू झाली आणि गुजरातभर मोबाइल इंटरनेट बंद. खंडेराव मार्केटमधून नारळांची पोती आधीच आलेली. दरवर्षीचा अंदाज धरून तिने खवायला घेतलेही होते. सारण झालं, वेलची पडली, परात भरली, आणि ऑर्डरी येईनात. ‘फोन तर चालू होते ना?’ असं भाऊ म्हणेलच. होते. ज्यांचे नंबर वहीत होते त्यांना तिने केलेही. पण एकीने दुसरीला सांगून, तिने तिसरीला पाठवून जे गिऱ्हाईक जमलं होतं, ते वहीत कुठून असणार? ओल्या नारळाचं सारण किती दिवस टिकतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्या नुकसानीची नोंद कुठल्या सरकारी कागदावर आहे? काकूची राहू द्या, देशात नेट कधी, कुठे, किती वेळ बंद केलं याचीच एकत्र नोंद केंद्राकडे नव्हती. संसदेच्या स्थायी समितीनेच 2021 मध्ये यावर ताशेरे ओढले. यादी ठेवतं कोण? दिल्लीतली एसएफएलसी ही संस्था. बातम्या, आदेश, लोकांनी कळवलेली माहिती जमवून 2012 पासूनची यादी ती मंडळी सांभाळताहेत. गुजरातचा 2015 चा ऑगस्ट त्या यादीत आहे. पुढच्याच फेब्रुवारीत तलाठी भरतीच्या परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून राज्यातलं मोबाइल नेट सकाळी 9 ते 1 बंद ठेवलं होतं, तेही आहे. परीक्षेसाठी! म्हणजे पेपर फुटू नये म्हणून रिक्षावाला, दुकानदार, दवाखाना सगळ्यांनी हात बांधून बसायचं. याचा मला आजही संताप येतो.

मान्य, अफवांनी माणसं मरतात. आपल्या बडोद्यात राहून हे मला कुणी शिकवू नये. आणि हो, 2015 च्या बंदीविरुद्ध याचिका झाली तेव्हा गुजरात उच्च न्यायालयाने बंदी उचलून धरली, हेही खरं. पण मग काश्मीरच्या बंदीवर 10 जानेवारी 2020 ला सर्वोच्च न्यायालय काय म्हणालं? अनिश्चित काळ नेट बंद ठेवता येणार नाही, बंदीचे आदेश जाहीर करावे लागतील, त्यांना कोर्टात आव्हान देता येईल. काकूच्या वेळी आदेश कुणी काढला, कशासाठी, किती दिवसांसाठी, हे तिला कुणी सांगितलं होतं का? आता ते विचारायची वाट तरी आहे. पण विचारणार कोण? काकू जाणार आहे का माहिती अधिकाराचा अर्ज घेऊन?

इथेच माझ्या भावाला कळत नाही. त्याला वाटतं, कोर्टाने निकाल दिला की झालं.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ आठवतंय? 2012 मध्ये मुंबई बंदबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली होती. एकीने लिहिलं, दुसरीने नुसतं लाइक केलं. श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि 24 मार्च 2015 ला ते कलम घटनाबाह्य ठरलं. पेढे वाटले लोकांनी. आणि पोलीस ठाण्यांत? वर्षानुवर्षं त्याच रद्द कलमाखाली गुन्हे नोंदवणं सुरूच! तो प्रकार खणून काढला तो याच लोकांनी. पीयूसीएल या नागरी हक्कांच्या संघटनेने पुन्हा सर्वोच्च न्यायालय गाठलं, इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनचे वकील त्यांच्या मदतीला होते, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये न्यायालयाला परत बजावून सांगावं लागलं की 66अ खाली कुणावर खटला चालवता येणार नाही. साडेसात वर्षं! निकालानंतरची! राज्याराज्यांतून आकडे मागवायचे, तारखांना उभं राहायचं, उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहायचं. या कामाला टाळ्या नाहीत, फोटो नाहीत. ते करणाऱ्या पोरापोरींना मात्र घरभाडं आहे. वकिलांची घरं भरतात म्हणे! मोठ्या कंपन्यांची वकिली केली असती तर यांची घरं केव्हाच भरली असती.

लिहिता लिहिता जरा शांत झाले. भाऊ वाईट नाही. त्याच्या दुकानातला क्यूआर कोड, मुलीची ऑनलाइन शिकवणी, आमचं हे एकमेकांशी भांडणं, सगळं ज्या नेटवर चालतं ते मोकळं राहिलं म्हणून त्याला त्याची जाणीवच नाही. 2015 मध्ये काही साइट फुकट आणि बाकीच्यांना पैसे असा घाट घातला जात होता. तेव्हा ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामकाकडे, दहा लाखांवर ईमेल गेले आणि फेब्रुवारी 2016 मध्ये ट्रायने असे वेगवेगळे दर लावायला मनाई केली. त्या चळवळीतल्याच लोकांनी पुढे ही फाउंडेशन काढली. भावाला ते आठवत नसेल. फायदा मात्र तो रोज घेतोय.

आणि वर्गणीचं आपल्याला नवल कधीपासून वाटायला लागलं? सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, 1910 पासून गावोगावी वाचनालयं उभी केली, ग्रंथपेट्या फिरवल्या. त्या वाचनालयांसाठी गावाने वर्गणी जमवायची आणि सरकारने त्यात भर घालायची, अशी रीत होती. माणसाला वाचता आलं पाहिजे, हवं ते मिळवून वाचता आलं पाहिजे, यासाठी बडोदेकरांनी पैसे मोजलेत. आज वाचणं फोनवर आलंय. फरक इतकाच की ती वाट मोकळी ठेवायला आता बऱ्याचदा सरकारशीच भांडावं लागतं, म्हणून ते पैसे सरकारकडून यायचे नाहीत. तुमच्या-माझ्याकडूनच यायला हवेत.

काकू आता थकलीय, करंज्या करत नाही. पण त्या आठवड्यानंतर तिने व्हॉट्सॲपच्या भरवशावर सणाची ऑर्डर कधी घेतली नाही, आणि वहीतल्या गिऱ्हाइकांवर धंदा होता तेवढाच राहिला. तिला तो आपल्या नशिबाचा भाग वाटतो. मला नाही वाटत.

तेव्हा माझं मागणं सरळ आहे. एकदाच मोठी रक्कम देऊन मोकळे होऊ नका, महिन्याला थोडे द्या. खटले वर्षानुवर्षं चालतात, पगार दर महिन्याला द्यावे लागतात. शंभर जमत असतील तर शंभर. फाउंडेशन तिचा जमाखर्च संकेतस्थळावर मांडते, तो आधी वाचा, पटलं तरच द्या. एसएफएलसीचं कामही बघा. मी इथे मुद्दाम लिंक देत नाहीये. फॉरवर्ड झालेल्या लिंकवर पैसे पाठवायची सवय आपल्यापैकी कुणालाच नको. नाव स्वतः टाइप करा, साइट नीट तपासा, पावती मागून घ्या. आणि ज्यांना पैसे देणं जमत नाही त्यांनी एवढं करा: पुढच्या वेळी आपल्या शहरात नेट बंद झालं की तारीख, वेळ आणि कुठल्या कंपनीचं बंद होतं ते लिहून त्यांना कळवा.