युक्रेनमधलं काम काढून घेणं ही माणुसकी होती का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया चांगलीच कडक आहे आणि नीट विचार करून लिहिलेली आहे, त्यामुळे उत्तर थोडं लांबणार. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी मुद्दे सांगतो. २०२२मध्ये रशियाने हल्ला केल्यावर अनेक पाश्चात्त्य कंपन्यांनी युक्रेनमधल्या टीमचं काम काढून पोलंडला किंवा आपल्याकडे हलवलं, ते मला पटलं नाही, असं मी लेखात म्हटलं होतं आणि तिथल्या ड्रोन बनवणाऱ्या स्टार्टअपचं कौतुकही केलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: जिथे रोज माणसं मरतायत तिथे डेडलाइनची भाषा शोभत नाही, सुतकात दुकान बंद ठेवतात, काम हलवणं हीच माणुसकी होती, ड्रोनच्या स्टार्टअपचं कौतुक म्हणजे युद्धाची जाहिरात. आणि शेवटचा टोला, "आपल्या जवानांची आठवण आपल्या आयटी पार्कांत कोण काढतं, ते आधी लिहा."

माणुसकीचा मुद्दा आधी घेतो, कारण खरा वाद तिथेच आहे. काम गेलं की त्या माणसांच्या डोक्यावरचा ताण उतरतो, हे तुम्ही गृहीत धरलंय. आउटसोर्सिंगमध्ये काम गेलं की पगार जातो. खारकिव्ह घ्या. रशियाच्या सीमेपासून जेमतेम तीस-चाळीस किलोमीटरवरचं, इंजिनिअरांचं शहर. सॉफ्टवेअर टीमना एकत्र कोड लिहायला लागणाऱ्या गिटलॅबची सुरुवात २०११मध्ये तिथल्याच दिमित्रो झापोरोझेत्सने केली, आणि २०२१मध्ये कंपनी नॅस्डॅक या अमेरिकी शेअरबाजारात आली. त्यानंतर काही महिन्यांतच शहरावर तोफगोळे पडू लागले आणि तिथले इंजिनिअर लॅपटॉप घेऊन देशाच्या पश्चिमेकडच्या ल्विव्ह, इव्हानो-फ्रान्किव्स्ककडे सरकले. १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी होती, म्हणजे 'ऑनसाइटला (क्लायंटच्या देशात) पाठवून देतो' हा आपल्या धंद्यातला हुकमी उपाय तिथे बादच.

तरीही त्या वर्षी, २०२२मध्ये, काय झालं? देशाचा जीडीपी जवळजवळ ३० टक्क्यांनी खाली आला आणि आयटी सेवांची निर्यात मात्र वाढून सात अब्ज डॉलरच्या पुढे गेली. ऑक्टोबरपासून वीजकेंद्रांवर क्षेपणास्त्रं येऊ लागल्यावर लोक जनरेटर, बॅटऱ्या, स्टारलिंकचं उपग्रहावरचं इंटरनेट असं जमेल ते जोडून कामाला बसत. अंधारात एवढी खटपट करून कॉलवर येणाऱ्याला 'तुमच्या काळजीपोटी' कंत्राट थांबवल्याचा मेल गेला, तर काळजी कुणाची घेतली गेली? क्लायंटच्या ऑडिट कमिटीची. २०२३ आणि २०२४मध्ये ही निर्यात घसरली. जगभरच मंदी होती, सगळं खापर युद्धावर फोडता येणार नाही. पण नवी कंत्राटं देताना क्लायंट कचरत होते, हेही खरंच.

पुण्यात बसून मला याचं एवढं का लागावं, असं तुम्ही विचारलंय. कारण त्या जागी आपणही होतो. संसदेवरच्या हल्ल्यानंतर ऑपरेशन पराक्रम सुरू झालं, भारत आणि पाकिस्तान दोघांचं सैन्य महिनोन् महिने सीमेवर समोरासमोर उभं राहिलं, आणि ३१ मे २००२ रोजी अमेरिकेने आपल्या नागरिकांना भारत सोडण्याचा सल्ला दिला. आज तिशीच्या आत असलेल्यांना हे ऐकूनही माहीत नसतं. त्या दिवसांत बंगळूरपासून पुण्यापर्यंत सगळ्या कंपन्या क्लायंटना एकच गोष्ट पटवत होत्या: आमचं काम चालू आहे, तुम्ही घाबरू नका. 'भारताबाहेर दुसरी सोय काय आहे?' हा प्रश्न तेव्हा आपल्याला झोंबला होता. आपल्या शहरांवर बॉम्ब पडले नाहीत, त्यांच्या शहरांवर पडतायत. फरक मोठा आहे, मान्य. पण त्या जूनमध्ये कुणी आपल्या भल्यासाठी म्हणून काम उचलून दुसरीकडे नेलं असतं, तर आपण त्याला माणुसकी म्हटलं नसतं.

आता सुतक. मार्च २०२२मध्ये राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्कींनी आदेश काढला, तेव्हापासून युक्रेनमध्ये रोज सकाळी नऊला मृतांसाठी मिनिटभर मौन पाळतात. आपल्याकडे तेव्हा हिवाळ्यात साडेबारा वाजलेले असतात, उन्हाळ्यात साडेअकरा. आमचा ल्विव्हच्या टीमबरोबरचा रोजचा कॉल नेमका त्याच वेळेचा. तो पंधरा मिनिटं पुढे नेला, बस्स. कंत्राटातला एक शब्द बदलला नाही, वरून कुणाची मंजुरी लागली नाही. नऊला मौन पाळणारी माणसं सव्वानऊला बगवर भांडत, आणि चांगली भांडत. सुतकात दुकान बंद ठेवतात हे ठीक, पण सुतकाला दहावा-तेरावा असतो. यांच्या सुतकाची शेवटची तारीख कुणालाच ठाऊक नाही. तोवर शटर पाडून ठेवा, हे आपण कुठल्या तोंडाने सांगायचं?

ड्रोनबद्दल थोडक्यात. एप्रिल २०२३मध्ये युक्रेनच्या सरकारने 'ब्रेव्ह वन' हे व्यासपीठ काढलं, तिथून संरक्षण क्षेत्रातल्या स्टार्टअपना अनुदान आणि थेट सैन्याशी संपर्क मिळतो. मला अप्रूप आहे ते वेगाचं. वापरणारा आघाडीवर असतो, त्याची तक्रार लगेच बनवणाऱ्याकडे येते आणि तो काही दिवसांत बदल करून देतो. आपल्याकडे अशी तक्रार तीन समित्यांतून फिरते. युद्ध थांबल्यावर या कंपन्यांना गिऱ्हाईक लागेल आणि 'रणांगणावर सिद्ध झालेलं' हा शिक्का मारून माल कुठे कुठे विकला जाईल, याची धास्ती मलाही आहे. पण आज स्वतःच्या घरावर येणारं अडवायला ज्यांनी हे बनवलं, त्यांना जाहिरातदार म्हणायला मी तयार नाही. इथे आपलं जमणार नाही.

राहिला शेवटचा टोला, आणि तो बरोबर जागी बसलाय. २६ जुलैला कारगिलसाठी एचआरचा मेल येतो, तिरंग्याच्या पट्टीसकट. पराक्रमसाठी तोही येत नाही. युद्ध झालंच नाही, तरी त्या मोहिमेत ७९८ जवान गेल्याचं संरक्षणमंत्र्यांनी २००३मध्ये संसदेत सांगितलं होतं. त्यातले कितीतरी सीमेवर सुरुंग पेरताना आणि मग तेच काढताना गेले. आपल्या आयटीवाल्यांच्या गप्पांत २००२ निघतं ते 'क्लायंट कसे हातचे जाणार होते' एवढ्यापुरतंच. यावर स्वतंत्र लिहिणार आहे. राजस्थान किंवा पंजाबच्या सीमेवर सुरुंग काढण्याच्या कामावर तेव्हा असलेलं कुणी, किंवा त्यांच्या घरचं कुणी, हे वाचत असेल तर कृपया मला मेल करा. नाव छापणार नाही.