फेमसने भागत नाही, भाऊ

भुसावळच्या भाऊंना नमस्कार.

नामवंत माणसं आणि गावं यांच्यासाठी इंग्रजीत कोणती विशेषणं वापरतात, यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही दोन गोष्टी सुनावल्या. एक, ‘भुसावळच्या उन्हाला नोटोरियस म्हणून तुम्ही आमचं गाव बदनाम केलं.’ दुसरी, ‘आपल्या पोरांना फेमस आलं तरी पुष्कळ, दहा-दहा शब्द कसाले?’ दोन्ही मनाला लागल्या, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी उन्हाचं. नोटोरियस शब्द लॅटिनमधून आला, तेव्हा त्याचा अर्थ नुसता ‘सगळ्यांना ठाऊक असलेला’ असा होता. पुढे तो वाईटाला चिकटला. माणसाला लावला की कुप्रसिद्ध, हे तुमचं खरं. पण उन्हाला, ट्रॅफिकला, घाटाच्या वळणाला लावला की अर्थ एवढाच, की त्याचा त्रास सगळ्यांना माहीत आहे. त्यात अब्रूचा प्रश्न येत नाही. मे महिन्यात दुपारी दोनला स्टेशनच्या पुलावर चढताना लोखंडी कठड्याला हात लागला, की आपण कसा झटक्यात मागे घेतो! त्या उन्हाला मी नोटोरियस म्हटलं. भुसावळला नाही. भुसावळ जंक्शन वेल-नोन आहेच.

आता फेमसचं. या शब्दाशी माझं काही वैर नाही. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं, बडगीत ठेचलेलं आपलं भरीत फेमस आहे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही मिळालं. तिथे फेमस अगदी चपखल बसतो. पण सगळीकडे तोच घातला तर काय होतं, ते मी अमळनेरला माझ्या क्लासमध्ये रोज बघते.

नववीतल्या एका मुलीने बहिणाबाईंवर इंग्रजीत दहा ओळी लिहून आणल्या. गोल, सुरेख अक्षर. पहिल्याच ओळीत ‘इन्फेमस पोएट’, आणि त्याखाली पट्टी धरून लाल पेनाने दोन रेघा. मी विचारलं, हा शब्द का घेतला? म्हणाली, ‘मॅडम, फेमस सगळेच लिहितात. इन लावलं की जास्त फेमस होत असेल ना?’ त्या मुलीला काहीतरी मोठं म्हणायचं होतं हो, आणि तिच्याजवळ शब्द नव्हता. इन्फमस (उच्चार असा, ‘फे’वर जोर न देता) म्हणजे दुष्कीर्तीचा. पर्ल हार्बरवरच्या 7 डिसेंबर 1941 च्या हल्ल्यानंतर दुसऱ्या दिवशी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्या तारखेसाठी इन्फमी शब्द वापरला, तो त्याच घरातला.

मग आम्ही तिचा शब्द शोधला. बहिणाबाई 1951 मध्ये गेल्या, त्यांच्या कवितांचं पुस्तक 1952 मध्ये निघालं. म्हणजे जिवंतपणी त्या फेमस नव्हत्याच. आसोद्याची लेक, जळगावची सून, शेतात राबणारी बाई. नाव झालं ते नंतर, आणि मग होतच गेलं. 2018 मध्ये जळगावच्या आपल्या विद्यापीठालाही ते दिलं. अशा नावाला रिनाउन्ड म्हणतात. फ्रेंचमधून आलेला शब्द, मुळात ‘पुन्हा पुन्हा नाव घेणं’. आपला ‘नावाजलेला’ काय वेगळा आहे?

आणि साने गुरुजी? ते इथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. त्यांना नुसतं फेमस म्हटलं तर अमळनेरच्या म्हाताऱ्या माणसांचे डोळे ज्यासाठी भरून येतात, ते सगळं बाहेरच राहतं. तिथे बिलव्हेड हवं, म्हणजे सगळ्यांचा लाडका.

पण मला सगळ्यात जास्त काळजी आहे ती सातपुड्यातले भिल्ल नायक खाज्या नाईक यांच्यासारख्या माणसांची. ते आधी कंपनी सरकारच्या चाकरीत सेंधव्याचा घाट राखत होते. 1857 मध्ये उलटले, सरकारी खजिना लुटला. 1858 मध्ये इंग्रजांशी आंबापाणीची लढाई झाली. सातपुड्यातल्या भिल्लांनी तिथे जीव दिले. इंग्रजांच्या लेखी हे दरोडेखोर आणि बंडखोर, म्हणजे नोटोरियसच. आपल्या लेखी वीर. माणूस तोच. विशेषण बदललं की कळतं, बोलणारा कोणत्या बाजूला उभा आहे. उद्या सातपुड्याच्या पायथ्याचं एखादं पोर इंग्रजी पुस्तकात आपल्या पूर्वजाच्या नावाआधी नोटोरियस वाचेल. तेव्हा त्याला तो शब्द अडला पाहिजे, ‘असं कोण म्हणतंय?’ हे विचारता आलं पाहिजे. नुसत्या फेमसवर वाढलेलं पोर तो शब्द गिळून पुढे जाईल. पोरांवर ओझं टाकता म्हणालात, पण भाऊ, हे शब्द त्यांच्या हातातली काठी आहेत.

तुमचं एक म्हणणं मात्र पूर्ण मान्य. दहा शब्द एकाच यादीत ओतायला नको होते. लेजंडरी आणि आयकॉनिक हल्ली चहाच्या टपरीलाही लावतात. ते दोन मी लेखातून काढले आहेत आणि उरलेल्या प्रत्येक शब्दापुढे एक माणूस किंवा एक गाव लिहिलं आहे. नोटोरियसपुढे ‘भुसावळचं ऊन’ तसंच ठेवलंय, फक्त त्याखाली रेल्वे जंक्शनची ओळ वाढवली. वाचून सांगा.