निवडून घेतलेले गाणे

पुण्या-मुंबईच्या संगीतवर्तुळात एक जुना वाद अधूनमधून डोके वर काढतो. आजचे तरुण गायक किराणा घराण्याची आलापी (रागाचा संथ स्वरविस्तार), जयपूर घराण्याची तान (वेगवान स्वरांची मालिका) आणि आग्रा घराण्याचा बोलबनाव (बंदिशीचे शब्द रंगवणे) एकाच ख्यालात, म्हणजे रागदारीच्या एकाच गाण्यात, बसवतात, त्यामुळे घराण्यांची, म्हणजे गुरुपरंपरेने चालत आलेल्या गायनशैलींची, शुद्धता बुडाली, असे एका बाजूचे म्हणणे. तर घराणी ही दरबारी आश्रयाच्या काळाची गरज होती, ध्वनिमुद्रणांच्या युगात त्यांचे ओझे कशाला वाहायचे, असे दुसऱ्या बाजूचे. मी लंडनमध्ये राहून हा वाद वाचतो, तेव्हा इथली हवा नेमकी उलटी असल्याचे जाणवते. इथल्या मैफलींच्या पत्रकांत गायकाची ओळख करून देताना 'इक्लेक्टिक', म्हणजे अनेक ठिकाणांहून निवडून घेणारा, हे विशेषण अनेकदा येते, आणि ते निखळ कौतुकाने येते. ज्या गाण्याला तिकडे सरमिसळ म्हणून नाके मुरडली जातील, तेच इथे विशाल दृष्टीचे ठरते. मला हे दोन्ही निवाडे घाईचे वाटतात.

शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी घराण्यांचाच इतिहास नीट पाहावा. आग्र्याच्या घग्गे खुदाबक्ष यांनी ख्यालाची तालीम ग्वाल्हेरच्या नत्थन पीरबक्ष यांच्याकडून घेतली आणि तिला आपल्या घरच्या धृपद-धमाराची, म्हणजे ख्यालाहून जुन्या गायनप्रकारांची, जोड दिली. आज आपण ज्याला जयपूर-अत्रौली गायकी म्हणून सोवळ्यात ठेवतो, ती अल्लादिया खाँसाहेबांनी स्वतःचा आवाज बिघडल्यावर त्याला पेलेल अशा रीतीने एका आयुष्यात घडवली. आणि गायक भास्करबुवा बखले? त्यांनी फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तीन वेगळ्या परंपरांच्या उस्तादांकडे तालीम घेतली, १९११ साली पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली आणि १९१६ च्या 'स्वयंवर' नाटकाला चाली देऊन ती विद्या थेट नाट्यगृहातल्या सामान्य श्रोत्यापर्यंत पोहोचवली. त्यांच्या गाण्याला भेसळ म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

मात्र बुवांचे नाव घेऊन आजच्या प्रत्येक मिश्रणाचे समर्थन करणे मला पटत नाही, आणि याचे कारण मला परदेशातच अधिक स्पष्ट दिसते. इथल्या विद्यार्थ्याला गुरूचा सहवास क्वचितच मिळतो; आठवड्यातून एकदा संगणकाच्या पडद्यावर शिकवणी, आणि उरलेले दिवस यूट्यूबवरच्या मैफली. तिथून त्याला तान मिळते, पण ती तान ज्या लयीत जन्मली ती लय मिळत नाही. जयपूरची तान मध्यलयीच्या त्रितालात, मात्रेच्या आतल्या पोटविभागांना धरून, एकात एक गुंफत समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, जाते. तीच तान किराणा घराण्याच्या अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लयीच्या, एकतालात टाकली, तर दोन मात्रांमधले अंतर इतके मोठे असते की तानेला टेकायला जागाच उरत नाही. गायक मग तबल्याकडे न पाहता मोकळाच पळतो आणि सम आली की मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, कसाबसा पकडतो. स्वर बिनचूक असतात, गळा तयार असतो, तरीही ऐकताना काहीतरी निसटते. मला अशा मुलांना दोष द्यावासा वाटत नाही, कारण इतक्या दूर राहूनही ती चिकाटीने रियाज करतात. पण त्यांच्या कानावर नुसती स्तुतीच पडावी, हा त्यांच्यावर अन्याय आहे.

म्हणून मायदेशातल्या वादात मला कोणत्याही एका बाजूला उभे राहता येत नाही. गायकाने कुठून घेतले, यापेक्षा जे घेतले ते त्याने लयीसकट आणि आवाजाच्या लगावासकट, म्हणजे आवाज लावण्याच्या पद्धतीसकट, घेतले का, याची चर्चा समीक्षकांनी करावी. आणि इथल्या मंडळांनी पाहुण्या गायकाला केवळ एका संध्याकाळच्या मैफलीपुरते न बोलावता आठवडाभर ठेवून घ्यावे, रोज सकाळी मुलांना त्याच्यासमोर बसवावे, आणि त्या आठवड्यात एकच राग, एकच बंदिश गाऊन घ्यावी.