शेवट माहीत असलेल्या सिनेमाची समीक्षा

मार्च २०२५ मध्ये 'आइंदा इस्तो आकी'ला ऑस्कर मिळालं, ती रात्र कार्निव्हलची होती. ब्राझीलला आंतरराष्ट्रीय चित्रपटाचं ऑस्कर पहिल्यांदाच मिळत होतं, त्यामुळे आधीच रंगात आलेल्या रस्त्यांवर आणखी उधाण आलं. लष्करी राजवटीने घरातून उचलून नेलेल्या रुबेन्स पाइवा या माजी खासदाराचं काम त्यात सेल्टन मेलोने केलंय. हाच मेलो त्याआधीच्या नाताळात 'ओ आउतो दा कोंपादेसीदा'च्या दुसऱ्या भागात थापाड्या, भित्रा शिको होऊन लोकांना पोट धरून हसवत होता. साओ पावलोतल्या माझ्या ओळखीच्या माणसांनी दोन्ही चित्रपट आवडीने पाहिले. पहिल्याचा विषय निघाला की दिग्दर्शन, अभिनय, त्या घरातला उजेड यावर तासभर बोलणं होतं. दुसऱ्याचा निघाला की एकच वाक्य येतं: मस्त टाइमपास आहे.

हे मला फार ओळखीचं वाटतं. मराठीत एखादी विनोदी प्रेमकथा चालली की घरच्या ग्रुपवर लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, २००४ मध्ये 'श्वास' आला तेव्हा आपण कुठे निघालो होतो आणि आता कुठे येऊन पडलोय. दुसरा म्हणतो, समीक्षकांना साध्या माणसाचा आनंद बघवत नाही, डोकं बाजूला ठेवा आणि बघा. मला यातलं एकही पटत नाही. का पटत नाही, ते एका ब्राझिलियन चित्रपटाच्या आधाराने सांगते.

गेल आराइस दिग्दर्शित 'लिझबेला ई ओ प्रिझियोनेइरो', म्हणजे 'लिझबेला आणि कैदी', २००३ साली आला. गोष्ट पेर्नांबुको राज्यातल्या एका लहान गावातली. लिझबेला पोलीस अधिकाऱ्याची मुलगी, हॉलिवुडच्या सिनेमांनी वेडावलेली, डग्लस नावाच्या मुलाशी लग्न ठरलेली. लेलेउ गावोगाव फिरून खेळ करणारा, पोरींना भुलवणारा भटक्या. एका भाडोत्री मारेकऱ्याच्या बायकोशी सूत जमवल्यामुळे तो मारेकरी त्याच्या मागावर असतो. लिझबेला आणि लेलेउ प्रेमात पडणार, हे पोस्टर पाहूनच कळतं.

समीक्षकांचे मुख्य आक्षेप दोन होते. पहिला, हा सिनेमा नाही, मोठ्या पडद्यावरचा टीव्ही आहे. आराइस ग्लोबो वाहिनीतून आलेले. भरभर बोलणारी पात्रं, झपाट्याने बदलणारी दृश्यं, चेहऱ्यांवर सतत रोखलेला कॅमेरा ही त्यांची जुनीच पद्धत. दुसरा, गरीब, दुष्काळी ईशान्य ब्राझीलला इथे रंगीबेरंगी खेळणं करून टाकलंय.

दुसरा आक्षेप मला रास्त वाटतो, आणि तो आणखी धारदार करता येतो. पेर्नांबुकोच्या मातीतलं हे प्रेमी जोडपं रंगवणारे सेल्टन मेलो आणि देबोरा फालाबेला हे दोघेही मिनास जेराइस राज्यात जन्मलेले. उलट, गावातलाच असून रिओच्या माणसासारखं बोलण्याचा आव आणणाऱ्या डग्लसचं काम ब्रुनो गार्सियाने केलंय, आणि तो खुद्द रेसिफीचा, म्हणजे पेर्नांबुकोच्या राजधानीचा! ऑफिसमधल्या रेसिफीच्या मैत्रिणीबरोबर मी हा चित्रपट पाहिला. डग्लसच्या प्रत्येक वाक्याला ती मनापासून हसली, नायक-नायिकेच्या बोलण्यावर मात्र कपाळाला आठ्या घालायची. तिच्या शेजारी बसून मला आपली वऱ्हाडी आणि मालवणी आठवली. मोलकरीण, हवालदार, गावाकडचा मामा यांच्याच तोंडी ती बोली येते, नायक प्रमाण मराठीत प्रेम करतो. ही तक्रार विनोदी चित्रपटाबद्दलच करायला हवी, कारण हसू कुणाच्या जिवावर निघतंय हा तिथला मूळ प्रश्न आहे. 'डोकं बाजूला ठेवा' म्हणणारे नेमका हाच प्रश्न टाळतात.

पहिला आक्षेप मात्र आळशी आहे. तो गती टीव्हीवर आली कुठून, हे तो विचारत नाही. मूळ कलाकृती नाटक आहे, १९६१ मध्ये रंगभूमीवर आलेलं. लेखक ओस्मान लिन्स, पुढे 'आवालोवारा'सारखी अवघड, प्रयोगशील कादंबरी लिहिणारे. वाक्याला वाक्य भिडवत जाणारी ही भाषा आधी रंगमंचावर आणि जत्रेत होती. आणि जत्राच चित्रपटात दिसतेही. लेलेउच्या खेळांपैकी एक असतो मोंगाचा. अंधाऱ्या तंबूत एक बाई उभी असते, दिवे बदलतात, आणि बघता बघता तिचं गोरिलात रूपांतर होतं. सगळी करामत काचेची आणि उजेडाची. आपल्या जत्रेतला बाईचं डोकं आणि नागाचं धड दाखवणारा तंबू ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे कळायला वेळ लागणार नाही. गर्दी पैसे मोजून आत येते, युक्ती आहे हे तिला ठाऊक असतं, आणि तरी ती किंचाळत बाहेर पळते.

हा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो, कारण चित्रपट स्वतःबद्दल जे म्हणतोय ते इथे आहे. लिझबेला डग्लसला घेऊन थिएटरात बसते आणि पुढे काय होणार ते त्याला सांगत राहते. सगळं आधीच माहीत असेल तर बघायचं कशाला, या त्याच्या शंकेवर तिचं म्हणणं असं, की काय होणार यात मजा नाहीच, कसं होतं आणि केव्हा होतं यात आहे. प्रेमकथेच्या समीक्षेचा अख्खा कार्यक्रम या मुलीने सांगून टाकलाय. शेवट माहीत होता, हा दोष होऊच शकत नाही. 'कसं' आणि 'केव्हा' फसलं का, ते दाखवा. माझ्या मते उत्तरार्धात ते काही ठिकाणी फसतं. संवाद इतके दाटीने येतात की प्रेमाला उसंत मिळत नाही.

ब्राझीलमध्ये ही उपेक्षा जुनी आहे. चाळीस-पन्नासच्या दशकात रिओच्या आत्लांतिदा स्टुडिओतून 'शांशादा' नावाचे गाणी-विनोदाचे चित्रपट निघायचे. ऑस्करितो आणि ग्रांजी ओतेलो ही जोडी पडद्यावर आली की थिएटर डोक्यावर घेतलं जायचं. समीक्षकांनी त्यांना भिकार ठरवलं, 'सिनेमा नोवो' या नव्या, गंभीर सिनेमाच्या चळवळीतल्या तरुणांनी झिडकारलं. पुढे १९७३ मध्ये पाउलो एमिलियो सालेस गोमेस या मोठ्या समीक्षकाने लिहिलं, की प्रेक्षकाशी ब्राझिलियन सिनेमाचं खरं नातं या चित्रपटांनी जोडलं होतं. तोवर शांशादाचे दिवस सरून गेले होते. ज्या वयात त्या कलावंतांना आपल्या कामाची नीट चिकित्सा हवी होती, त्या वयात ती मिळाली नाही, याचं मला वाईट वाटतं. अशोक सराफांना महाराष्ट्र भूषण जाहीर झालं २०२४ मध्ये, पद्मश्री २०२५ मध्ये. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ लाच गेले. त्यांच्या टायमिंगबद्दल सगळेच बोलतात. ते टायमिंग म्हणजे काय, वाक्याच्या आधी किती थांबायचं आणि समोरच्याला किती जागा द्यायची, हे उलगडून दाखवणारं लिखाण मला फार थोडं सापडतं.

पडदा मिळवून देणं सरकारच्या हातात आहे. ब्राझीलने देशी चित्रपटांचा थिएटरमधला कोटा जानेवारी २०२४ च्या कायद्याने पुन्हा आणला. आपल्याकडे २०१५ मध्ये मराठी चित्रपटांच्या प्राइम टाइमवरून केवढं रण माजलं होतं! दोन्हीकडे मी कोट्याच्याच बाजूची आहे. पण कोट्यातून लागलेल्या चित्रपटाबद्दल बोलायचं कसं, हे कुठलाही कायदा शिकवत नाही.

सतीश राजवाडेंचा 'मुंबई-पुणे-मुंबई' २०१० चा. मुख्य माणसं दोनच, पुण्यातला एक दिवस, आणि हा भेटलेला मुलगा कोण याचा अंदाज चाणाक्ष प्रेक्षकाला बराच आधी येतो. तरी खुर्ची सोडवत नाही. ते गुपित किती वेळ झाकून ठेवलंय, स्वप्नील जोशीशी वाद घालताना मुक्ता बर्वेचा आवाज नेमका कोणत्या वाक्याला मऊ होतो, शहरांवरून चाललेली ती भांडणं कुठे कंटाळवाणी होतात आणि कुठे गोष्ट पुढे नेतात, यावर कुणी दहा पानं लिहिली, तर मी ती इथे साओ पावलोत बसून दोनदा वाचेन.