दोन सीटांमधली भिंत

आज ऑगस्टचा तिसरा शनिवार, म्हणजे डेट्रॉईटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या-नव्या गाड्यांची जत्रा. तिथे ओळखीतल्या एका तरुणाने आपल्या नव्या सी-एटला, म्हणजे शेव्हरलेच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारच्या आठव्या पिढीच्या गाडीला टेकून, आधीच्या सातव्या पिढीबद्दल ‘सी-सेव्हन म्हणजे आता भंगारच’ असे सर्वांसमोर म्हटले. घरी येऊन चार तास झाले तरी तो शब्द डोक्यातून जात नाही.

आमच्या शेजारच्या आजोबांकडे २०१४ सालची सी-सेव्हन आहे, सात गिअरची, क्लचवाली. अमेरिकेत आल्यापासून माझा पाय क्लचला लागला नव्हता. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी मला ती चालवायला बसवले. समोर लांबलचक बॉनेट, दोन्ही बाजूंना चाकांवरचे उंचवटे, आणि चढावर गाडी दोनदा बंद पडली. आजोबा काहीच बोलले नाहीत. गिअरवरच्या माझ्या हातावर त्यांनी आपला हात ठेवला आणि पहिला गिअर टाकून दिला. साताऱ्यात फियाटच्या स्टिअरिंगजवळच्या गिअरवर बाबांनी माझा हात असाच धरला होता.

सी-एट अधिक वेगवान आहे, हे मान्य. इंजिन चालकाच्या पाठीमागे गेल्यामुळे वजन मागच्या चाकांवर येते आणि झेड-५१ हे कामगिरी वाढवणारे जादा पॅकेज घेतले तर ती तीन सेकंदांच्या आत ताशी ६० मैलांचा वेग गाठते. कॉर्व्हेटचे अभियंते झोरा अर्कस-डन्टोव्ह यांचा इंजिन मागे नेण्याचा १९६० पासूनचा ध्यास अखेर २०२० च्या मॉडेलमध्ये पूर्ण झाला, याचा मलाही आनंद आहे. पण इंजिन मागे नेले म्हणून पायाने दाबायचा क्लचही जायलाच हवा, असे थोडेच आहे! ‘१९५३ च्या पहिल्या कॉर्व्हेटलाही क्लच नव्हता,’ असे त्या तरुणाने सुनावले, आणि ते खरे आहे. मात्र १९५५ मध्ये आठ सिलिंडरचे व्ही-एट इंजिन आणि क्लच मिळाल्यावरच ती गाडी खऱ्या अर्थाने स्पोर्ट्स कार झाली, हे त्याला कोणी सांगावे? दोन्ही गाड्यांचे इंजिन ६.२ लिटरचेच आहे. ४५५ अश्वशक्तीची ४९० झाली, एवढ्यावर कालची गाडी भंगार ठरवायची, ही कसली वृत्ती?

मी सी-एटमध्येही बसलो आहे. २०२५ पर्यंतच्या मॉडेलांत चालक आणि शेजारचा माणूस यांच्यामध्ये बटणांची एक लांब, उंच रांग भिंतीसारखी उभी असायची आणि जिथे गिअरचा दांडा असायचा तिथेही बटणेच आहेत. त्या गाडीत आजोबांनी हात ठेवला असता तो कशावर?

गाडी माणसाकडून काही मागते, तेव्हाच ती त्याची होते, असे मला मनापासून वाटते. ज्याला वेगच हवा आहे त्याने सी-एट जरूर घ्यावी, ती उत्तम यंत्र आहे. लिहिता लिहिता त्या मुलावरचा रागही थोडा ओसरला. त्याच्या हातावर कोणी हात ठेवलेलाच नसेल.

संध्याकाळी आजोबा गॅरेजच्या दारात गाडी पुसत होते. ‘भंगार’ हा शब्द मी त्यांच्या कानावर घातला नाही. माझी मुलगी गेल्या महिन्यात सोळा वर्षांची झाली, हे त्यांच्या लक्षात होते. उद्या सकाळी रस्ता रिकामा असतो तेव्हा तिला पाठव, एवढेच ते म्हणाले.